तोंडीचे वीस गुण

टेंभुर्णीत या विषयावर बोलायला बोलावलंत, बरं वाटलं. समोर शिक्षक बरेच दिसतायत, पालकही आहेत. त्यामुळे मी जे बोलेन ते तुम्हाला उद्याच आपापल्या शाळेत ताडून बघता येईल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दहावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा मी बरीच वर्षं घेतली. साठ मुलांचा वर्ग आणि हातात दोन तासिका. नाव सांग, गाव सांग, पाठ असलेली कविता म्हण. दोन ओळी झाल्या की पुढचा. मग शिक्षकखोलीत बसून तक्ता भरायचा. 17, 18, 18, 19. एका वर्षी एका मुलानं तोंडच उघडलं नाही. मान खाली घालून उभा राहिला. त्यालाही मी 16 दिले. तेव्हा वाटलं, पोराचं भलं केलं. आज वेगळं वाटतं. दहा वर्षं इंग्रजी शिकून त्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं, आणि ही गोष्ट शाळेच्या एकाही कागदावर आली नाही. माझे 16 गुण तिच्यावर पांघरूण घालून बसले.

दहा वर्षं म्हणतो, कारण मराठी शाळांत इंग्रजी 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे. दहावीला ती ‘तृतीय भाषा’. लेखी 80, तोंडी वगैरे अंतर्गत 20, आणि पास व्हायला 35. हिशेब सोपा आहे. तोंडीला 18 मिळाले की लेखीत 80 पैकी 17 पुरतात. म्हणजे बोलण्याची परीक्षा बोलणं मोजायला राहिलेली नाही, ती पास करायला वापरली जाते.

हे सरकारला कळलं नव्हतं असं नाही. 2019 च्या दहावीला भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले आणि पेपर 100 गुणांचा केला. आदल्या वर्षी निकाल 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, त्यामुळे सगळं खापर एकट्या तोंडीवर फोडता येणार नाही. पण ओरड झाली. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडणार. ओरड खोटी नव्हती. काही महिन्यांत 20 गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, तेही ध्यानात ठेवा.

माझी टीका दोन्ही निर्णयांवर आहे. काढणारे म्हणाले, गुण खिरापतीसारखे वाटले जातात. आणणारे म्हणाले, टक्का घसरतो. मुलाला बोलता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. आपल्या माढा तालुक्यात हे समजायला उसाचं उदाहरण पुरेल. कारखान्याच्या काट्यावर शंका आली, तर शेतकरी काय म्हणतो? काटा तपासा म्हणतो, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणतो. काटाच उखडा म्हणत नाही. 2019 ला आपण काटा उखडला आणि 2020 ला तोच, न तपासता, पुन्हा बसवला.

बरं, लेखी पेपर तरी भाषा मोजतो का? उतारा समोर असतो. प्रश्नातला शब्द शोधायचा आणि ते वाक्य उचलून लिहायचं. पत्र गाइडमधलं. नजर आणि पाठांतर यावर बरंच निभतं. उलटंही घडतं. हायवेवरच्या ढाब्यावर काम करणारी आपली पोरं बघा. पंजाबच्या, तमिळनाडूच्या ड्रायव्हरांशी हिंदीत भाव ठरवतात, थट्टा करतात, भांडण मिटवतात. तेच पोर हिंदीच्या पेपरात वेलांट्यांनी मार खातं. आणि दुसरी भाषा म्हणजे फक्त इंग्रजी-हिंदी नव्हे. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतल्या, सोलापुरातल्या तेलुगू घरांतल्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा आहे. गप्प बसलेलं मूल ‘ढ’ की भाषा न समजलेलं, हे आपण कसं ओळखतो?

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद झाला. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. कुठली भाषा, कितवीपासून, यावर रान पेटलं. पण मुलाला ती आली हे कळणार कसं, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही.

मोजता येतं, मंडळी. ‘असर’ची पाहणी घ्या. कार्यकर्ता घरी जाऊन एकेका मुलासमोर बसतो: अक्षर, शब्द, वाक्य, वाचलं तर अर्थ काय तेही विचारतो. परदेशी जाणाऱ्यांची आयएल्ट्स घ्या. समोरासमोर 11 ते 14 मिनिटं बोलणं, त्याचं रेकॉर्डिंग, आणि चार निकष: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार.

तुम्ही म्हणाल, दहावीला लाखांनी मुलं बसतात, कसं जमणार? पाच मिनिटं धरा. साठ मुलांचे पाच तास, म्हणजे शाळेचा एक दिवस. न पाहिलेलं चित्र द्या, त्यावर बोलू द्या. फोनवर रेकॉर्ड करा. परीक्षक शेजारच्या शाळेचा असू दे. आपलाच माल आपल्याच काट्यावर नको. उच्चार कॉन्व्हेंटसारखा आहे का हे बघू नका, समजतो का एवढंच बघा. आणि हा शेरा पास-नापासातून बाहेर काढून गुणपत्रिकेवर वेगळा छापा. गुण वाचवायची गरजच उरली नाही, तर शिक्षक खोटं कशाला लिहील?

हे मंडळानं करायचं. तोवर आपण काय करायचं? तक्त्यात तुम्ही किती गुण भरता हे मी विचारणार नाही, मीही भरलेत. पण शेजारी एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक मुलापुढे एक खरी ओळ लिहा. ‘ऐकलेलं समजतं, बोलायला घाबरतो.’ ‘शब्द आहेत, वाक्य जुळत नाही.’ आणि ही वही दहावीच्या फेब्रुवारीत नको, आठवीच्या जूनमध्ये सुरू करा. माझ्या त्या मुलासाठी अशी ओळ तीन वर्षं आधी कुणी लिहिली असती, तर हातात तीन वर्षं होती.

थांबतो. आता तुमचे प्रश्न.