एका आकड्यात रेणू मावत नाही

मी उरणची, म्हणून उदाहरण घरचंच घेते. इथल्या ओएनजीसी प्रकल्पात मुंबई हायच्या वायूतून एलपीजी वेगळा काढतात. त्यात ब्युटेन दोन तऱ्हेचा असतो: सरळ साखळीचा, आणि मध्येच फाटा फुटलेला आयसोब्युटेन. दोन्हींत कार्बन चार, हायड्रोजन दहा, वजनही तेच. पण ५ए झिओलाइटच्या बारीक छिद्रांत सरळ ब्युटेन शिरतो, आयसोब्युटेन दाराशीच अडतो.

यावर आपल्याला कायनेटिक डायमीटरचा तक्ता दाखवतात, डोनाल्ड ब्रेक यांच्या १९७४ च्या पुस्तकामुळे रूढ झालेला. सरळ ब्युटेन ०.४३ नॅनोमीटर, आयसोब्युटेन ०.५०. विषय संपला! तक्ता उपयोगी आहे, हे आधीच मान्य करते. माझी तक्रार तो वाचण्याच्या पद्धतीवर आहे.

आता झेडएसएम-५ घ्या. त्याची छिद्रं साधारण ०.५१ ते ०.५६ नॅनोमीटर. पॅराझायलीनचा आकडा ०.५८५. म्हणजे तो आत जाऊच नये. पहिल्या अहवालात मी तसं लिहूनही टाकलं होतं, आणि वजन वाढल्याचं दाखवणारे माझेच आलेख 'गळती असेल' म्हणून बाजूला ठेवले होते. गळती नव्हतीच. पॅराझायलीन आत जातो, आणि ऑर्थो-मेटा भावंडांपेक्षा कितीतरी वेगाने सरकतो.

का? रेणू म्हणजे गोटी नव्हे. पॅरामध्ये दोन मिथाइल गट समोरासमोर असतात, त्यामुळे तो लांबट होतो आणि छिद्राच्या दिशेने वळून, भिंतीला चिकटत-सुटत पुढे जातो. ऑर्थोत ते शेजारी-शेजारी, मेटात कोनात; रुंदी वाढते. शिवाय छिद्राची चौकटही उष्णतेने थरथरते, ती लोखंडी जाळी नाही. एकच आकडा लिहिला की वळणं, थरथरणं, चिकटणं सगळं गळून पडतं. आत शिरता येईल का, याचा अंदाज तो देतो. किती वेगाने सरकेल, याबद्दल जवळजवळ गप्प.

हा नुसता पुस्तकी वाद नाही हं. पॉलिएस्टरचा कच्चा माल पॅराझायलीनपासून बनतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात झायलीनसाठी एन्सिलाइट हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केलं, ते बडोद्याला आयपीसीएलमध्ये वापरात आलं.

पुढचा पेपर वाचताना 'छिद्रापेक्षा रेणू मोठा, म्हणून अडला' असं वाक्य दिसलं, तर तापमान किती होतं आणि किती वेळ थांबून मोजलं, ते शोधा. चार तासांत 'अडलेला' रेणू चार दिवसांत आत गेलेला असू शकतो. माझ्या बाजूला ठेवलेल्या आलेखांपैकी दोन आता प्रबंधात आहेत.