डेड बॉल आणि सस्पेन्स खातं

भाच्याने अमेरिकेहून येताना बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक आणलं. चॉकलेटं आणली असती तर हे परीक्षण लिहायची पाळी आली नसती. पण पंच म्हणून अस्मादिकांनी भोसरीच्या मैदानावर केलेला पराक्रम त्याच्या कानावर गेला होता.

सामना आमच्या शाखेचा आणि चाकणच्या एका कारखान्यातल्या कंत्राटी पोरांचा. आमचे मॅनेजरसाहेब नॉनस्ट्रायकर. गोलंदाज धावत आला, तोवर साहेब क्रीज सोडून दोन पावलं पुढं! पोरानं चेंडू न टाकता बेल्स उडवल्या नि अपील केलं. साहेबांनी माझ्याकडं मार्च-एंडला पाहतात तसं पाहिलं. मी ओरडलो, "डेड बॉल!" आम्ही तीन धावांनी जिंकलो.

लहानपणीचं 'टाइम प्लीज' ते हेच. आम्हा बी. कॉम. लोकांच्या भाषेत, पंचाचं सस्पेन्स खातं. जुळत नाही ते तिथं ढकलायचं.

आता पुस्तकाविषयी. भाषा आमच्या सर्क्युलरइतकीच रुक्ष, पण हिशेब चोख. धावणाऱ्यानं बेस सोडून खुशाल पुढं सरकावं. पिचरनं बेसकडे चेंडू फेकून त्याला खुशाल बाद करावं. मात्र फलंदाजाकडे चेंडू टाकायचा आव आणून पिचर मध्येच थांबला, तर तो 'बॉक'. धावणाऱ्याला एक बेस फुकट. कोणी काय करायचं नाही, सगळं लेखी.

क्रिकेटमध्येही असं बाद करता येत होतंच. पण त्या नियमावर सभ्यपणाचा एक न लिहिलेला नियम बसवलेला. 1947 साली सिडनीत विनू मंकडनं बिल ब्राउनला असंच बाद केलं. पुढं सरकला ब्राउन, बदनाम झाला मंकड! खुद्द ब्रॅडमननं मंकडची बाजू घेतली, तरीही. अखेर 2022 साली हा नियम 'अनुचित खेळा'तून उचलून 'धावबाद'मध्ये नेला. पाऊणशे वर्षांनी नोंद योग्य खात्यात पडली.

त्याच नियमांत म्हटलंय, गोलंदाज धावू लागला की चेंडू 'डेड' राहत नाही. म्हणजे साहेब बाद होते. न लिहिलेल्या नियमाचं एक बरं असतं, तो साहेबांना कधी बाद करत नाही.

काल तो पोरगा पासबुक भरायला काउंटरवर आला. मी हळूच म्हटलं, "बाळा, साहेब आउट होते."

"माहितीय काका," तो हसला. "पण स्कोअरबुकात नाही ना."

वीस वर्षं चुकीच्या एन्ट्र्या उलटवतोय. ही एक काही उलटवता येत नाही.