सोवळ्याची जन्मतारीख

'मी जात मानत नाही' हे वाक्य माझ्या पिढीला फुकट मिळालंय. ते बोलणारे बहुतेक जण खोटंही बोलत नसतात. पण त्यांच्यातल्याच अनेकांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. कारण विचारलं तर उत्तर येतं, 'स्वच्छता'. मत बदललेलं असतं, कप मात्र जागचा हलत नाही. स्वतःची समजूत तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला या कपामुळे पडतो. त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मला आजच्या कुठल्याही पॉडकास्टपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

हे आत्मचरित्र 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. आपल्याला ते शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यांतून भेटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचे उधळे हात, नवराबायकोची भांडणं. हसून झालं की पुस्तक 'गोड आजीच्या आठवणी' या कप्प्यात जाऊन पडतं. दुसरा कप्पा धर्मांतराचा. नवरा ख्रिस्ती झाला, मग बायकोही झाली. ही दोन्ही वाचनं मला आळशी वाटतात, कारण पुस्तकातली सगळ्यात मोठी घडामोड दोन्हींतून निसटते.

सुरुवातच बघा. 1857च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं वेडाच्या टोकाला गेलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याचा शीण, याची भांडणं, यापायी बायकामुलांचे झालेले हाल, हे सगळं लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. वाचताना आपणही हसतो. पण त्यांनी इथे काय करून ठेवलंय ते पाहा. सोवळं स्वतःला अनादि म्हणवतं. लक्ष्मीबाईंनी त्याला जन्मतारीख दिली. आमच्या घरातलं हे वेड अमुक साली, अमुक भीतीतून वाढलं, असं त्या सांगतात. शिवाय समजूत एकाची आणि राबणारे हात दुसऱ्याचे, हेही त्याच पानांवर दिसतं. यावर त्या कुठेही भाष्य करत नाहीत. प्रसंग सांगतात आणि पुढे जातात.

टिळकांची गोष्ट वेगळी. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. पुढे वाचन, पत्रव्यवहार, वाद, आणि फेब्रुवारी 1895मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पुस्तकाने माणूस बदलतो, हे आपल्याला पटकन पटतं, कारण आपणही दुसऱ्याला लिंक पाठवून बदलू पाहत असतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र यातलं काहीच चाललं नाही. नवरा गेला म्हणून त्या कोसळल्या, लहान मुलाला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे टिळकांजवळ राहायला आल्या तेव्हाही सोवळं सोबत घेऊनच आल्या. टिळकांसारख्या वक्त्याचा युक्तिवाद घरातल्या घरात हरला, याची मला नेहमी गंमत वाटते.

मग एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारलं, जात देवाने केली की माणसाने? हा प्रश्न त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता. आणि तो नास्तिकाचाही नाही. ज्या देवावर त्यांची श्रद्धा होती त्याच्याच नजरेने त्यांनी जगाकडे पाहिलं, आणि जात हे माणसाचं काम आहे असं उत्तर त्यांना मिळालं. मग त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1900मध्ये.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नवरा, धर्म आणि जात या तीन गोष्टी त्यांच्या काळात एकाच गाठोड्यात बांधलेल्या होत्या. घ्यायचं तर सगळं घ्या, टाकायचं तर सगळं टाका. लक्ष्मीबाईंनी गाठोडं सोडलं आणि एकेक वस्तू वेगळी करून पाहिली. आपण बऱ्याचदा उलटं करतो. एका गटातून दुसऱ्या गटात जातो आणि नव्या गटाची सगळी मतं एकदम डाउनलोड करतो. त्याला मी तपासणी म्हणणार नाही, तो पत्ता बदलणं झालं.

या निर्णयाला पुस्तकात जागा फार थोडी मिळाली आहे, आणि एखाद्याला ते खटकेल. इतकी मोठी उलथापालथ, आणि मनातल्या कल्लोळाचं वर्णन नाही? मला ते खटकत नाही. लक्ष्मीबाईंची विचार करण्याची जागा चूल, पाण्याची घागर आणि पंगत हीच आहे. कुणाच्या हातचं खाल्लं, हे त्यांनी सांगितलं की विचार सांगून झाला.

तक्रार मात्र आहे. सोवळ्यावर चाललेली ही धारदार नजर नव्या धर्मापाशी मवाळ होते. टिळकांना त्या चिमटे काढतात, पण ख्रिस्ती श्रद्धेला तसा उलटा प्रश्न विचारत नाहीत. त्या बाबतीत टिळकच जास्त अस्वस्थ राहिले. आयुष्याच्या अखेरीस, 1917मध्ये, मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. ज्यांच्या स्पर्शाची भीती होती ती माणसं या पुस्तकात फार मागे राहतात. म्हणून मी 'स्मृतिचित्रे'शेजारी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ठेवते. ते पुस्तकरूपात 1986मध्ये आलं. बेबीताईंची तपासणीही स्वतःच्या अंगणापासूनच सुरू होते. आपल्याच वस्तीतलं अंगात येणं, नवससायास, सासवांनी सुनांचा केलेला छळ, कशालाही त्या पाठीशी घालत नाहीत. आपल्या माणसांविषयी हे लिहायला लक्ष्मीबाईंपेक्षा जास्त धैर्य लागलं असणार, कारण बाहेरचे लोक त्याचा दुरुपयोग करायला टपलेलेच होते.

त्यांच्या पुस्तकात सरपणाची मोळी विकायला गेलेल्या महार बायका आहेत. दाराच्या आतली बाई सोवळ्यातली. लाकडाला चुकून एखादा केस किंवा धागा अडकून राहिला तर घर बाटेल, म्हणून मोळीतलं एकेक लाकूड त्या बायकांनीच निरखून पाहायचं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं वेड वाचताना आपण दाराच्या आत उभे राहून हसत असतो. इथे तेच सोवळं दाराबाहेरून दिसतं. उन्हात उभी असलेली बाई लाकडावरून बोट फिरवत स्वतःचा केस शोधते आहे.