फरारीचे आख्यान आणि आसरा देणारे घर

पोलिसांपासून लपून राहणाऱ्या माणसासाठी मराठीत 'फरारी' आणि 'भूमिगत' असे दोन शब्द आहेत. पहिला वॉरंटाच्या कागदावरचा, दुसरा आसरा देणाऱ्यांच्या तोंडचा. कृती एकच असली तरी तिचे नाव ती कोण सांगतो यावर ठरते. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची 'शांताराम' (२००३) ही कादंबरी मराठी वाचकाने वाचावी ती हा भेद ध्यानात ठेवून.

लेखकाचे चरित्र सर्वश्रुत आहे. सशस्त्र दरोड्यांबद्दल शिक्षा भोगत असताना १९८० साली तो मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून पळाला, मुंबईत राहिला आणि १९९० साली फ्रँकफुर्टला हेरॉइनच्या तस्करीत पकडला गेला. कादंबरीचा निवेदक लिन हाही पळालेला कैदी. खोट्या पारपत्रावरचे 'लिंडसे' हे नाव प्रभाकरच्या तोंडी 'लिनबाबा' होते आणि प्रभाकरच्या गावी त्याची आई रुखमाबाई त्याला 'शांताराम' करते. निवेदक या नावाची व्युत्पत्ती सांगतो, शांतीचा माणूस, आणि त्या व्युत्पत्तीवर नऊशेहून अधिक पानांच्या कादंबरीचा नैतिक डोलारा उभा राहतो.

मराठी कानाला हा डोलारा पोकळ वाटतो. शांताराम हे गिरणी कामगाराचे, तलाठ्याचे, शेजारच्या काकांचे नाव. नावावरून माणूस जोखू नये, हे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणणाऱ्या भाषेला शिकवावे लागत नाही. रुखमाबाई जे खरोखर देते ते त्या नावाच्या पुढे आहे: किशन, म्हणजे नवऱ्याचे नाव, आणि घराण्याचे आडनाव. ती परक्याला बाप देते, घर देते. कादंबरीचा हा सर्वांत समृद्ध क्षण. पण आपण कोणाला घरात घेतो आहोत, हे त्या घराला ठाऊक नाही. निवेदकाला ठाऊक आहे, वाचकालाही. घराच्या या अज्ञानातून निवेदक स्वतःसाठी क्षमा मिळवतो. घराने पत्करलेल्या जोखमीचा हिशेब मात्र होत नाही.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातील एक फरारी यासमोर ठेवून पाहावा. माथेरानला १९१२ साली जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९४२ साली भूमिगत झाले. खालापूर तालुक्यातील खोपोलीत १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीत १९२२ पासून मुंबईसाठी वीज निर्माण होत होती; कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दोघांच्या हेतूंची बरोबरी करणे हास्यास्पद ठरेल. येथे तुलना आहे ती कथनाच्या मालकीची. कोतवालांना आत्मकथन लिहिण्याइतके आयुष्य मिळाले नाही. त्यांची फरारी सांगितली ती मागे राहिलेल्यांनी. त्यांना आसरा देणाऱ्यांना आपण कोणाला जेवू घालतो आहोत हे माहीत होते आणि त्याची किंमतही माहीत होती. अर्थात या आख्यानातही मौन आहेच. हुतात्म्यांची नावे शिळेवर येतात, रानात भाकरी पोहोचवणाऱ्यांची सहसा येत नाहीत.

'शांताराम'मधील मौन अधिक गंभीर आहे. लिन ज्या कादरभाईच्या टोळीत शिरतो, ती पारपत्रे, सोने, चलन यांचा काळा व्यवहार करते. हेरॉइन आणि वेश्याव्यवसाय तिने वर्ज्य मानले आहेत. अमली द्रव्य कादंबरीत येते ते प्रामुख्याने निवेदकाच्या स्वतःच्या दंडात शिरणाऱ्या सुईतून, म्हणजे जखम म्हणून. धंदा करतात ते इतर, आणि लेखकाला फ्रँकफुर्टला नेणारा प्रवास कादंबरीच्या शेवटानंतरचा. रॉबर्ट्स यांनी हे आत्मचरित्र नसून कादंबरी असल्याचे वारंवार सांगितले आहे, आणि कादंबरीकाराला निवडीचे स्वातंत्र्य असतेच. तथापि प्रथमपुरुषी निवेदन जेव्हा जगलेल्या आयुष्याची पत वापरून वाचकाकडे सहानुभूती मागते, तेव्हा त्या आयुष्यातील नेमका कोणता व्यवहार वगळला गेला, हे विचारणे हे समीक्षेचे कामच आहे.

त्याच दशकात मुंबई-पुण्यात या द्रव्याला 'गर्द' म्हणत. अनिल अवचट यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अवचटांचा निवेदक स्वतः व्यसनीही नाही नि विक्रेताही नाही. त्यामुळे त्या गद्यात व्यसनी माणसाच्या घरच्यांना बोलायला जागा राहते. लिनच्या ओघवत्या, स्वतःवरच लुब्ध असलेल्या गद्यात ती नाही.

'शांताराम' मराठीतही आली आहे. इंग्रजी वाचकासाठी केलेला नावाचा उलगडा मराठीत निरर्थक होतो: शांताराम म्हणजे काय, हे रुखमाबाईला कोणी सांगायचे? मराठी वाचकापुढे मग उरते ते मधले नाव, किशन, आणि ते देणारे घर.