हरकती व सूचना

दिवाळी अंकात कादंबरीवर लिहावे, फार तर नाटकावर लिहावे, असा आपला रिवाज आहे. शहराच्या विकास आराखड्यावर टीकालेख लिहिणे म्हणजे पंचांगाचे रसग्रहण करण्यासारखेच कुणाला वाटेल. परंतु हजारो कुटुंबांनी पुढची वीस वर्षे बिऱ्हाड कोठे मांडावे हे ज्या ग्रंथात ठरते, तो ग्रंथ चिकित्सेने वाचायचा नाही, असे का असावे?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचेच पाहा. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतची ही पट्टी बहुतांशी बंदराच्या मालकीची. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. समुद्रात भर घालून जमीन काढली, तीवर वखारी उभ्या राहिल्या, आणि वखारींमागून माथाडी, खलाशी, दारूखान्यात जहाजे तोडणारे कामगार आले. पुढे माल न्हावाशेवाकडे वळला. या जमिनीचे करावे काय, हे ठरविण्यासाठी २०१४ साली केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ साली राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण केले. मसुदा तयार झाला आणि नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविण्यात आल्या.

आमच्या शाळामास्तरी दृष्टीला येथे पहिला खडा लागतो. जमीन ज्याची, आराखडा त्याचा. आणि हरकतीचा अर्जही त्याच्याच दारी न्यायचा! उत्तरपत्रिका तपासण्याचे काम परीक्षार्थ्याकडेच सोपविल्यासारखे हे झाले. कायद्यात नियोजन समितीपुढे सुनावणीची तरतूद आहे, अखेरची मंजुरी सरकारची असते, हे खरे. पण समितीपुढे उभा राहणारा माणूस आराखडा तयार झाल्यावर तेथे पोहोचतो. त्याला बोलावणे येते तेच मुळी ‘हरकतदार’ म्हणून. घर बांधताना कुणी विचारले नाही. आता रंग कोणता द्यावा ते सांगा, असा हा मान!

दुसरा दोष भाषेचा, आणि कादंबरीकाराला तो अधिक बोचतो. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’, ‘विद्यमान भूवापर’, ‘बाधित घटक’ ही शब्दकळा शास्त्राला आवश्यक असेलही. परंतु या कथेत पात्रे कोठे आहेत? ‘बाधित’ माणसाला नाव नाही, धंदा नाही, शेजारी नाही. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला. सरकारी कागदात तो ‘फेरी व्हार्फ’ झाला, तरी लोकांनी भाऊला सोडले नाही. १९४७ साली येथूनच रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. नकाशावर या जागेला फक्त रंग असतो.

नागरिकांना यातले काय कळते, असे विचारणाऱ्यांनी मुंबईच्या सर्वसाधारण विकास आराखड्याचा इतिहास आठवावा. २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा प्रसिद्ध झाला. आपापली गल्ली ज्यांना तोंडपाठ होती त्यांनी तो वाचला, कोळीवाडे आणि गावठाणे नीट दाखविली नाहीत म्हणून गलका केला, शेकडो चुका दाखविल्या. एप्रिलमध्ये सरकारला तो दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला. २०१६ साली सुधारलेला मसुदा आला. एवढे कसलेले मुद्रितशोधक फुकट मिळत असता त्यांना शेवटच्या प्रुफासाठी राखून ठेवणे हा कसला कारभार?

आमची सूचना (हरकत नव्हे!) एवढीच, की असा नकाशा पहिली रेघ पडण्यापूर्वीच भाऊच्या धक्क्यावर टांगावा. भिंतीएवढा, आणि मराठीत. पहाटे मासळीचा लिलाव आटोपला की बायका पाट्या टेकवून थोड्या बसतात. त्यांना तेथेच वाचून दाखवावा. जाळी कोठे वाळत घालायची, बर्फाची गाडी कोठून आत यायची, हे त्या विचारतील. उत्तर देणाऱ्याने पेन्सिल बरोबर आणावी.