रंधा कुठे थांबला

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी एका सुताराने केलेलं हे जेवणाचं टेबल. सहा माणसं ऐसपैस बसतील एवढं. लाकूड सगळं एका पाडलेल्या बार्नमधलं. बार्न म्हणजे तिथल्या शेतावरचं मोठं कोठार. बहुधा खाली गुरं आणि वरच्या माळ्यावर गवत. पाय ओकच्या खांबांतून कापलेले आहेत. वरच्या फळ्या चेस्टनटच्या, माळ्याच्या तक्तपोशीतून काढलेल्या. बार्नच्या बाहेरच्या फळ्या उन्हापावसाने राखाडी पडतात. या आत राहिल्या, म्हणून त्यांचा गडद तपकिरी रंग शाबूत आहे.

तिरपा उजेड पडला की टेबलाच्या दोन्ही टोकांना बारीक कमानी दिसू लागतात. एकीमागे एक, सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या. गोल करवतीच्या दातांचे हे वळ. त्याआधीची, पाण्याच्या जोरावर वरखाली चालणारी करवत फळीवर सरळ, समांतर रेघा ठेवायची. अमेरिकेतल्या लाकूडगिरण्यांत गोल करवत सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. तेव्हा फळी कधीची असेल याचा ढोबळ अंदाज या वळांवरूनच बांधता येतो. सुताराने ते सरसकट ठेवलेले नाहीत. मध्यभागी, जिथे ताटं येतात आणि कोपरं टेकतात, तिथे रंधा पुरता फिरलाय. पुढे त्याचा घास हलका होत गेलाय आणि शेवटच्या वीतभर जागेत त्याने रंधा लावलेलाच नाही. तळवा फिरवून पाहिलं तरी गुळगुळीतपणा नेमका कुठे संपला ते सांगता येत नाही. या टेबलातली खरी कारागिरी मला इथे दिसते. जुन्या लाकडातला बराचसा इतिहास वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये असतो. रंध्याचे दोन हात जास्त पडले तर फळी कालच गिरणीतून आल्यासारखी होते. दोन हात कमी पडले तर पोळीचं पीठ खाचांत अडकतं.

खिळ्यांची भोकं चौकोनी आहेत. पत्र्यातून कापलेले खिळे १८९० च्या आसपासपर्यंत सर्रास वापरात होते, मग तारेचे गोल खिळे आले. भोकाभोवती निळसर काळा डाग आहे. चेस्टनटमध्ये टॅनिन भरपूर. त्याला लोखंड आणि ओल भेटली की असा काळा रंग धरतो. डाग रेष्यांच्या दिशेने लांबत गेलाय, कारण लाकडात ओल त्याच वाटेने चालते. हे डाग खरवडायचा मोह सुताराने आवरला. भोकं लांबी भरून बुजवलीही नाहीत.

पण चेस्टनटचं महत्त्व एवढ्यावर संपत नाही. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या जंगलांतलं हे एकेकाळचं मोठं झाड. लाकूड वजनाला हलकं, सरळ चिरणारं, टॅनिनमुळे सहसा न कुजणारं. म्हणून कुंपणाच्या दांड्यांपासून बार्नच्या तुळयांपर्यंत सगळीकडे तेच. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटांवर एक बुरशी आढळली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती आली होती. सालीखालचा जिवंत थर ती मारते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीन-चार अब्ज झाडं गेली असा अंदाज आहे. मुळं मात्र अनेक ठिकाणी जगली. त्यांना आजही धुमारे फुटतात, आणि तुळईजोगे व्हायच्या कितीतरी आधी बुरशी त्यांना पुन्हा गाठते. त्यामुळे या लाकडाची रुंद, जुनी फळी हवी असेल तर जंगलात जाऊन उपयोग नाही. ती पडक्या बार्नमध्येच मिळणार.

हे माहीत असलं की टेबलाचा पाय आणि फळी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. ओक आणि चेस्टनट वरवर सारखे. दोघांच्याही वाढीच्या वलयात मोठ्या छिद्रांची ओळ असते. पण ओकच्या कापावर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या ठळक रेषा दिसतात. चेस्टनटमध्ये त्या इतक्या बारीक की डोळ्यांना लागत नाहीत. टेबलाच्या कोपऱ्यावर हा फरक उघडा ठेवलाय, आणि तो मुद्दाम ठेवलाय असं मी मानतो.

एका पायावर पटाशीने कोरलेला रोमन सातचा आकडा आहे. सांगाडा जमिनीवर जुळवून पाहिल्यावर सुतार जोडीच्या भागांवर असे आकडे कोरत, म्हणजे उभारताना प्रत्येक कुसू आपल्याच खाचेत जाई. खूण ठेवली हे ठीक, पण शेजारच्या पायातली मोठी रिकामी खाच मला पटली नाही. ती नेमकी बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर येते. इथे कौतुक उपयोगाच्या पुढे गेलं आहे.

तरी आजच्या चलनी बार्न-फर्निचरपुढे हे टेबल फारच उजवं. तिथे राखाडी फळीवर इपॉक्सीचा जाड, चकचकीत थर ओततात. करवतीचे वळ दिसतात, बोटांना लागत नाहीत. लाकूड काचेआड गेलं तर ते घरात कशाला आणायचं? इथे नुसतं जवसाचं तेल आहे. त्याआधीची कष्टाची कामं दिसत नाहीत: यंत्राने खिळे शोधून उपटणं, जुन्या रंगात शिसं नाही ना हे तपासणं, किड्यांसाठी आणि उरलेल्या ओलीसाठी भट्टीत तापवणं. शंभर-दीडशे वर्षं वाळलेली फळीही हवेतला दमटपणा घेते-सोडते आणि रुंदीत हलते. म्हणून खालच्या चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा आहेत. फळ्यांना हलायला जागा आहे, म्हणून त्या फाटलेल्या नाहीत.

टेबलाला एक ड्रॉवर आहे. त्याचा तळ उरलेल्या तुकड्यांचा, काही तर हाताच्या पंजाहून अरुंद. किड्यांच्या टाचणीएवढ्या भोकांची लाकडं त्याने इथे लावली आहेत. मेल्यावरही उभी राहिलेली चेस्टनटची झाडं किड्यांनी पोखरली आणि लोकांनी ती तशीच कापून वापरली. हे तुकडे बहुधा त्यातलेच. प्रत्येक जोड नीट, एकही चुका ठोकलेला नाही. पाहुण्यांना दिसणाऱ्या वरच्या फळ्यांपेक्षा हा तळ मला जास्त आवडला. पुन्हा न मिळणाऱ्या लाकडाचा तुकडा टाकायचा नाही, हे त्या सुताराने इथे काटेकोर पाळलं आहे.