देवाचे काय घोडे मारले?

घरावर लागोपाठ संकटे येऊ लागली की आपल्याकडील वडीलधारी माणसे कपाळाला हात लावून म्हणतात, ‘आम्ही देवाचे असे काय घोडे मारले होते?’ फ्रेंच माणूसही अशा वेळी देवालाच जाब विचारतो; त्याच्या वाक्प्रचारात घोडे नाही, एवढाच काय तो फरक. ‘केस्कों आ फे ओ बों द्यो?’ म्हणजे ‘आम्ही त्या दयाळू देवाचे काय वाईट केले?’ हाच प्रश्न दिग्दर्शक फिलिप द शोव्हरों यांनी २०१४ साली आपल्या विनोदी चित्रपटाच्या शीर्षस्थानी ठेवला. त्या वर्षी फ्रान्समध्ये या चित्रपटाएवढा प्रेक्षकवर्ग दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला लाभला नाही. एक कोटी वीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. एका कॅथॉलिक कुटुंबाची ही कथा आहे. जावयांवरून आईबापांची झोप कशी उडते हे तीत दाखवले आहे, आणि हा विषय आपल्या वाचकांना परका वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

ल्वार नदीच्या खोऱ्यातील शिनों या जुन्या गावी क्लोद वेर्नॉय हा नोटरी आपली पत्नी मारी हिच्यासह राहतो. मोठे घर, मोठी बाग, चार सुस्वरूप मुली. क्लोद द गॉलचा भक्त. मारी देवळाची भक्त. थोरली इझाबेल रशीद नावाच्या मुसलमान वकिलाशी विवाह करते. दुसरी ओदील दाव्हीद या यहुदी तरुणाशी, तिसरी सेगोलेन शाओ या चिनी वंशाच्या बँक अधिकाऱ्याशी. चित्रपट सुरू होताच हे तिन्ही विवाह एकामागून एक, काही मिनिटांत, नगरपालिकेच्या त्याच दिवाणखान्यात उरकतात. प्रत्येक वेळी आईबापांचे चेहरे अधिकाधिक लांब होत जातात. एकही संवाद न खर्चता दिग्दर्शकाने कुटुंबाचा इतिहास सांगून टाकला आहे, आणि ही त्याची पहिली मोठी कामगिरी होय.

नगरपालिकेचा उल्लेख थोडा उलगडून सांगावयास हवा. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली, विवाह ही नागरी बाब ठरली. आजही तेथे वधूवरांनी प्रथम नगरपालिकेत जावयाचे आणि मग, इच्छा असेल तर, देवळात. १९०५ च्या कायद्याने राज्य आणि ख्रिस्तसभा यांची फारकत झाली ती वेगळीच. वेर्नॉय दांपत्याच्या तिन्ही मुली पहिल्या पायरीवरच थांबल्या. मारीचे दुःख हे आहे की एकाही लेकीला तिने वेदीसमोर उभी पाहिले नाही. हे दुःख खरे आहे, त्याची टिंगल करणे सोपे आहे, आणि पटकथा ती फारशी करीत नाही याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.

तथापि येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या १०८६ व्या कलमानुसार कॅथॉलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचा विवाह विशेष सवलतीवाचून वैध होत नाही. पण ती सवलत मिळू शकते. कॅथॉलिक पक्षाने स्वतःची श्रद्धा सांभाळण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन द्यावयाचे, व दुसऱ्या पक्षाला त्याची स्पष्ट कल्पना असावयाची. पोप सहावे पॉल यांनी १९७० सालीच या बाबतीतली जुनी कडक शिस्त बरीच सैल केली होती. म्हणजे देवळाचा दरवाजा रशीद, दाव्हीद, शाओ यांना बंद नव्हता. मग तो कोणी ठोठावलाच नाही, की मुलींनाच आत यावयाचे नव्हते? मारी वारंवार पापनिवेदनाला जाते, पण हा साधा प्रश्न ना ती धर्मगुरूंना विचारते, ना धर्मगुरू तिला सांगतात. पापनिवेदनाच्या एका प्रसंगात तर तिची कर्मकहाणी ऐकून धर्मगुरूंना हसू आवरत नाही. प्रेक्षागृहही हसते, आम्हीही हसलो. हसून झाल्यावर मात्र वाटले की या बाईला त्या जाळीच्या पलीकडून निदान एक शहाणपणाचा शब्द मिळावयास हवा होता.

चित्रपटाचा मध्यभाग जेवणाच्या टेबलाभोवती घडतो. फ्रेंच कुटुंब जेवावयास बसले म्हणजे वाद होणारच. येथे तर चार धर्म, तीन खंड आणि एक चिडका सासरा. नातवाच्या सुंतेच्या निमित्ताने सारे जमतात आणि घास घशाखाली उतरण्यापूर्वीच एकमेकांची जात, देश, चालीरीती यांचा उद्धार सुरू होतो. विशेष म्हणजे तिन्ही जावई एकमेकांविषयी सासऱ्याइतकेच पूर्वग्रह बाळगून आहेत. यहुद्याला चिन्याविषयी, चिन्याला अरबाविषयी, अरबाला यहुद्याविषयी सगळे काही ‘ठाऊक’ आहे. क्रिस्तियां क्लाव्हिए यांचा क्लोद बोलता बोलता नको ते बोलून जातो आणि मग आपण तसे बोललोच नाही असा चेहरा करतो. तो चेहरा पाहण्यासारखा आहे. पुढे नाताळात समेट व्हावा म्हणून मारी एकाच रात्री तीन टर्की शिजवते: एक हलाल, एक यहुदी नियमाप्रमाणे, एक चिनी पद्धतीने भाजलेली. शांताल लोबी यांनी ही आई फार समजून उभी केली आहे. जे वाद दिवाणखान्यात पुरुषांना मिटवता आले नाहीत ते तिने चुलीपाशी मिटवले. सणाच्या आदल्या रात्री दोन घरच्या पाहुण्यांसाठी दोन तऱ्हेचे कालवण करणाऱ्या गृहिणींना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उरली धाकटी लोर. आईबापांची सारी भिस्त तिच्यावर. आणि एके दिवशी ती सांगते की मी ज्याच्याशी विवाह करणार आहे तो कॅथॉलिक आहे. नाव शार्ल. द गॉलचेच नाव! घरात आनंदीआनंद होतो. मुलगा नाटकात काम करतो, ही एक बारीकशी खोट. पण कॅथॉलिक आहे, देवळात विवाह करावयास तयार आहे, आणखी काय हवे? मग शार्ल समोर येऊन उभा राहतो. शार्ल कोफी आयव्हरी कोस्टचा आहे, काळा आहे.

या एका क्षणासाठी आम्ही हा चित्रपट दोनदा पाहिला. क्लोद आणि मारी यांनी देवाकडे जे मागितले ते देवाने अक्षरशः दिले आहे. ‘कॅथॉलिक’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच ‘सार्वत्रिक’, ‘सर्वांचा’ असा आहे. आजवर धर्म आडवा येतो म्हणून आपण दुःखी आहोत अशी या दांपत्याची प्रामाणिक समजूत होती. चौथ्या जावयाने ती समजूत काढून घेतली, कारण येथे धर्म आडवा नाही. मग जे आडवे आले त्याला काय नाव द्यावे? क्लोद नाव देत नाही. तो बागेत जाऊन झाडे तोडू लागतो. मारी खचते. आम्ही वर्णद्वेष्टे नाही, असे दोघेही सांगत राहतात, आणि ते ज्यांना सांगतात त्यांपैकी कोणीही त्यांना तसे विचारलेले नसते.

पटकथाकारांनी आयव्हरी कोस्ट हा देश निवडला यातही औचित्य आहे. १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या देशातील यामुसुक्रो येथे शांतिमातेचे अवाढव्य देवालय आहे; पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या सप्टेंबरात त्याचे पवित्रीकरण केले. आज फ्रान्सच्या कित्येक धर्मग्रामांत आफ्रिकेतून आलेले पुरोहित मिस्सा अर्पण करतात. त्यांच्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारताना शिनोंच्या नोटरीला काही वाटले नसते; तोच हात मुलीने धरला म्हणताच घर हादरते. हा विचार चित्रपटात कोणी बोलून दाखवत नाही. आम्हांस तो पडद्यावर पाहावयास आवडला असता.

उत्तरार्धात शार्लचे वडील आंद्रे कोफी अवतरतात आणि कथेत नवा जीव येतो. पास्कल न्झोंझी यांनी रंगवलेला हा निवृत्त लष्करी माणूस गोऱ्यांवर, विशेषतः फ्रेंचांवर, मनापासून चिडलेला आहे. वसाहतीच्या काळातील लुटीचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे, आणि विवाहाच्या खर्चाची वाटणी करताना तो त्या हिशेबाचा उपयोगही करतो. हे लग्न मोडावे ही दोघा व्याह्यांची एकमेव समान इच्छा. आणि त्या इच्छेनेच त्यांची मैत्री जुळते. मासे धरावयास म्हणून गेलेले हे दोन बाप मनसोक्त पितात, धुमाकूळ घालतात आणि पोलिसांच्या कोठडीत जाऊन बसतात. दोन्ही घरच्या आया मात्र त्यांच्याआधीच एकमेकींशी जुळवून घेऊन मोकळ्या झालेल्या असतात. शेवटी धीर खचून पॅरिसला निघालेल्या लोरला परत आणण्यासाठी हेच दोन बाप आगगाडीपर्यंत धावतात.

हे पाहताना ‘बॉबी’ (१९७३) आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही शेवटी दोन बाप पाण्यात उड्या घेतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे मूल वाचवतो. पण राज कपूर यांनी ब्रागांझांच्या मुलीचा धर्म जवळजवळ सजावटीपुरता ठेवला. त्यांचे भांडण श्रीमंती आणि गरिबीचे होते. स्टॅन्ली क्रेमर यांचा १९६७ चा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ विषयाने अधिक जवळचा. त्यात काळ्या वराचे वडीलही विरोध करतात, आणि कुटुंबाचा स्नेही असलेला वृद्ध कॅथॉलिक धर्मगुरू त्या जोडप्याच्या बाजूने ठाम उभा राहतो. मात्र त्या चित्रपटातील वर इतका नामांकित डॉक्टर, इतका निर्दोष सद्गृहस्थ आहे की त्याला नाकारणारा मूर्खच ठरावा. शार्ल हा मध्यम यशाचा नट आहे, किंचित खोडकर आहे, कोणाचाही आदर्श नाही. त्याच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लोरला तो हवा आहे. याबाबतीत हा हलकाफुलका फ्रेंच चित्रपट त्या गंभीर अमेरिकन चित्रपटाहून अधिक धीट आहे असे आमचे मत आहे.

तरीही सर्व काही गोड मानून घेणे आम्हांस जमले नाही. ‘आपण सगळेच थोडे थोडे वर्णद्वेष्टे आहोत, तेव्हा हसून सोडून देऊ’ अशी या चित्रपटाची भूमिका आहे. ऐकावयास ती उदार वाटते. पण घर, बाग आणि गावातील पत असलेल्या क्लोदचा पूर्वग्रह आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्या रशीदचा पूर्वग्रह एकाच तागडीत कसे तोलता येतील? एकाच्या नाराजीने दुसऱ्याचे काही बिघडते. उलट दिशेने तसे होत नाही. चित्रपट एप्रिल २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, आणि पुढच्याच महिन्यात युरोपीय संसदेच्या निवडणुकीत परदेशीयांच्या विरोधावर पोसलेला ‘नॅशनल फ्रंट’ हा पक्ष फ्रान्समध्ये सर्वांत पुढे होता. ज्या देशाने एकत्र बसून या चार जावयांवर प्रेम केले त्याच देशाने हे मतदानही केले. शिवाय चारही जावई सुशिक्षित, तीन तर चांगल्या बऱ्या स्थितीतले. उपनगरातला बेकार तरुण या टेबलापर्यंत पोहोचत नाही. आणि मुली? ज्यांच्या निवडीवर सारी कथा उभी, त्या चौघींना मिळून जेवढे बोलावयास मिळते त्याहून अधिक एकटा सासरा बोलतो. इझाबेलला रशीदमध्ये काय दिसले हे आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही.

हे परक्या देशाचे झाले. वसईच्या धर्मग्रामांत वाढलेल्या आम्हां मंडळींना मात्र शार्लच्या प्रवेशाला हसताना जरा चोरट्यासारखे झाले. आपल्याकडे स्थळ आले म्हणजे पहिला प्रश्न, ‘मुलगा कॅथॉलिक आहे ना?’ आणि होकार आला की दुसरा, ‘कुठला?’ सामवेदी की वाडवळ, कोळी की ईस्ट इंडियन, की नगरकडचा, मराठवाड्यातला? एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या घरांमध्ये सोयरीक होऊ नये असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि तो आता सैल झाला असला तरी मोडला आहे असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुसले जाते, हे आम्ही लग्नघरांत डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याच घरात एका स्थळाला ‘पत्रिका पुढे पाहू’ म्हणून जे उत्तर गेले, त्यात आम्हीही मान डोलावली होती. मुलगा दर रविवारी मिस्साला जाणारा होता.

चित्रपटातील काही विनोद ओबडधोबड आहेत, भाषाही अधूनमधून सैल सुटते. लहान मुलांना शेजारी बसवून तो पाहू नये. थोरल्यांनी, विशेषतः लग्नाळू मुलामुलींच्या आईबापांनी, जरूर पाहावा, आणि शक्य तर मुलांबरोबर पाहावा.

विवाहाच्या मेजवानीत क्लोद जाहीर करतो की आपण पत्नीसह चारही जावयांच्या मूळ देशांना भेट देणार आहोत. पुढे २०१९ आणि २०२२ साली या कुटुंबाचे आणखी दोन चित्रपट आले. पहिल्याची सर त्यांना नाही. विनोद तेच आणि पात्रे थकलेली. पण २०१९ च्या भागातील एक कल्पना आम्हांस फार आवडली. चारही जावई फ्रान्सला कंटाळून बायकामुलांसह देश सोडावयाचे ठरवतात, आणि ज्या सासऱ्याने त्यांच्या येण्यावर कपाळ बडवून घेतले होते तोच ते जाऊ नयेत म्हणून नाना खटपटी करू लागतो.